चुलीची जागा : शिरूर-दौंड परिसरातील घररचनेचा इतिहास

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठी इनामगाव नावाचे खेडे आहे. या खेड्याजवळील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इ.स. १९६८ ते १९८३ या काळात केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामात ताम्रपाषाणयुगातील १३० हून अधिक घरे उजेडात आली. महाराष्ट्रातील प्राचीन घरांविषयी एकाच ठिकाणाहून इतकी माहिती क्वचितच मिळाली असेल. तेथे सुवर्णमुद्रा सापडल्या नाहीत, राजवाडाही सापडला नाही. सापडली ती चूल, पेव, कणगी, सारवलेली जमीन आणि कुडाची भिंत. सामान्य माणसाच्या इतिहासाला याहून मोलाचे साधन कोणते असणार?

घराचा आराखडा हा गवंड्याचा आणि सुताराचा विषय मानण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या मते तो इतिहासाचाही विषय आहे. चूल कोठे मांडली आहे, पाणी कोठे ठेवले आहे, धान्य कोणाच्या ताब्यात आहे आणि बाहेरच्या माणसाला कोणत्या उंबऱ्यापर्यंत येता येते, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या समाजाची घडण कळू लागते. या चार प्रश्नांच्या आधारे शिरूर व दौंड या भीमाकाठच्या दोन तालुक्यांतील घराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आज या भागातील अनेक बौद्ध कुटुंबे नवी घरे बांधीत आहेत. त्यांच्यासमोर नकाशाचा कागद येतो तेव्हा त्यावर कोणाच्या विचाराची रेघ उमटावी, हा प्रश्न या विवेचनामागे आहे.

इनामगावचे घर

इनामगावच्या वसाहतीचे तीन कालखंड उत्खननकारांनी ठरविले आहेत. पहिला माळवा संस्कृतीचा, सुमारे इ.स.पू. १६०० ते १४००. दुसरा पूर्व-जोर्वे, सुमारे इ.स.पू. १४०० ते १०००. आणि तिसरा उत्तर-जोर्वे, सुमारे इ.स.पू. १००० ते ७००. घरे पहिल्या दोन कालखंडांत बहुधा आयताकृती होती. भिंतीचा खालचा भाग मातीचा व बुटका, वरचा भाग कुडाचा, त्यावर मातीचा लेप आणि माथ्यावर गवताचे शाकार, अशी बांधणी असे. माळवा काळातील घर मोठे होते. मध्ये आडभिंत घालून त्याचे दोन भाग केलेले आढळतात. पूर्व-जोर्वे काळातील सर्वसाधारण घर सुमारे ५ मीटर लांब व ३ मीटर रुंद, म्हणजे १५ चौरस मीटरांचे होते. घरे साधारणपणे ओळीने बांधलेली असून दोन घरांमध्ये जाण्यायेण्यापुरती बोळ सोडलेली असे.

घरात काठ उंचावलेली लंबवर्तुळाकार चूल होती. अंगणातही अग्निकुंड असे. धान्य साठविण्यासाठी दोन सोयी होत्या. एक म्हणजे जमिनीत खणून आतून लिंपलेले पेव. दुसरी म्हणजे मातीच्या गोल ओट्यावर उभी केलेली कणगी. जव हे मुख्य पीक होते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा व कुळीथ ही धान्ये होती. गाईबैलांची हाडे विपुल मिळाली आणि त्यांपैकी अनेकांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे गोमांस त्या काळी या चुलींवर शिजत होते.

या वस्तीत सर्व माणसे सारखी होती, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर सापडले असून त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. हे घर गावप्रमुखाचे असावे, असा उत्खननकारांचा निष्कर्ष आहे. कुंभार, सोनार, चुना भाजणारा यांसारख्या कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती. धान्याच्या कोठाराजवळ सत्ता असते आणि कारागीर कडेला असतो, हा क्रम तेव्हाच दिसू लागला होता. तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे धान्य कोणाच्या ताब्यात आहे या प्रश्नाचे, उत्तर इनामगावात असे मिळते.

पण ही विषमता कोणत्या प्रकारची होती, हेही नीट पाहिले पाहिजे. कारागिराचे घर कडेला असले तरी वस्तीतच होते. लहान मुलांचे दफन दोन मृत्पात्रे तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली केलेले आढळते आणि मोठ्या माणसांचे दफनही घरात किंवा अंगणात होत असे. ज्या जमिनीवर चूल पेटे, तिच्याच खाली घरातील मूल पुरलेले असे. मृत्यूचा विटाळ मानून प्रेताशी संबंध येणाऱ्या माणसाला गावाबाहेर ठेवणारी व्यवस्था या जमिनीशी जुळत नाही. अस्पृश्यतेचा उगम सुमारे इ.स. ४०० च्या आसपास झाला, असा निष्कर्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडला आणि गोमांसभक्षणाचा प्रश्न त्यांनी त्या मांडणीच्या केंद्रस्थानी ठेवला. इनामगावची वसाहत त्यांच्या या कालनिर्णयापूर्वी सुमारे अकराशे वर्षे उठून गेली होती. एका खेड्याच्या पुराव्यावर सर्व महाराष्ट्राचा सिद्धान्त उभारणे योग्य नव्हे. तथापि शिरूर तालुक्यातील सर्वांत जुन्या ज्ञात घरांमध्ये शिवाशिवीची रेघ दिसत नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

दौंड तालुक्यातही याच काळाचा पुरावा आहे. मुळा-मुठा व भीमा यांच्या संगमाजवळ वाळकी येथे पूर्व-जोर्वे काळातील एका लहानशा शेतवस्तीचे उत्खनन झाले. तेथे जनावराच्या हाडापासून केलेले नांगराचे अवजार मिळाले. नदीच्या दोन्ही तीरांवर हाच कुणबीक करणारा समाज नांदत होता, हे त्यावरून दिसते.

दुष्काळाने बदललेला नकाशा

उत्तर-जोर्वे काळात, म्हणजे सुमारे इ.स.पू. १००० नंतर, इनामगावचे चित्र पालटले. पाऊसमान घटले, हवा कोरडी झाली आणि शेतीला उतरती कळा लागली, असे डॉ. ढवळीकरांनी प्रतिपादिले आहे. आयताकृती घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. सुमारे साडेतीन मीटर व्यासाची अशी झोपडी धरली, तर तिचे क्षेत्र जेमतेम साडेनऊ चौरस मीटर भरते. तीन-चार झोपड्या एका अंगणाभोवती एकत्र असत. त्या मिळून एका कुटुंबाचे घर होत असावे. लोक अधिकाधिक शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर अवलंबून राहू लागले आणि शेवटी वस्ती उजाड झाली.

यावरून इतिहासाच्या अभ्यासकाने एक बोध घ्यावयास हवा. घराचा नकाशा कोणा देवाने ठरवून दिलेला नसतो. पाऊस, पीक, जनावरे व हाती असलेले बळ यांप्रमाणे माणूस तो आखतो आणि कारणे बदलली की तोही बदलतो. हेतूशिवाय काही उत्पन्न होत नाही, हा तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त घोड नदीच्या काठी मातीच्या थरांतून वाचता येतो. जे कारणांनी उत्पन्न झाले, ते कारणे दूर केल्यास नष्टही होते. पुढील काळातील घर व गाव यांचा विचार करताना हे सूत्र विसरता कामा नये.

वाडा आणि वेशीबाहेरची वाडी

इनामगाव ओस पडल्यानंतर दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ लोटला. मराठा व पेशवे काळातील या परिसराचे गाव पाहू लागलो तर चारही प्रश्नांची उत्तरे बदललेली आढळतात. मातबराच्या वाड्याची रचना पहा. प्रथम दिंडी दरवाजा व देवडी, मग चौक, मग ओसरी व सोपा, त्यामागे माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर व देवघर, आणि शेवटी परसू. आत जावे तसा प्रवेशाचा अधिकार कमी कमी लोकांना. कोणी देवडीशी थांबावे, कोणी ओसरीवर टेकावे, कोणी माजघरापर्यंत यावे, हे जन्माने ठरलेले. सर्वांत आत सोवळ्यातील चूल आणि पाण्याची घागर. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वाड्याचे उंबरे मोजीत गेले म्हणजे ती विषमता दगडविटांत उभी असलेली दिसते. या रचनेत स्वयंपाक करणारी स्त्रीही बंदिस्तच होती. जी चूल सर्वांत पवित्र ठरविली, ती सर्वांत आतल्या, अंधाऱ्या व धुरकट खोलीत असे आणि तिच्यापुढे स्त्रीचे आयुष्य जाई.

ज्याला देवडीच्याही आत येऊ द्यावयाचे नाही, त्याच्यासाठी गावाच्या नकाशात वेगळी जागा होती. 'गाव तेथे महारवाडा' ही म्हण सर्वश्रुत आहे. ही वस्ती गावकुसाबाहेर असे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या लिखाणात त्यांनी गावाच्या या अलिखित कायद्याची कलमेच नोंदविली आहेत. अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेस असावी, कारण दक्षिण दिशा अशुभ मानलेली. अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा अपराध समजला जावा. अशी ती कलमे. म्हणजे घर कोठे बांधावे याचाच नव्हे, तर त्यावर छप्पर कशाचे असावे याचाही निर्णय दुसऱ्याच्या हाती होता. बलुत्याचे धान्य खळ्यावर आणि भाकरी दारात मिळे. धान्याच्या कोठारावर आणि पाण्यावर मात्र अधिकार नसे.

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेला बाहेरून एक धक्का बसला. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन बनले. रेल्वेने बांधलेल्या घरांच्या ओळींचा नकाशा अभियंत्याने आखलेला होता. एका ओळीतील सर्व घरांना सारखीच खोली, सारखीच मोरी आणि सारखेच छप्पर असे. घर जन्मावरून मिळत नसे, हुद्द्यावरून मिळे. हुद्द्यांच्या वाटणीत जातीची छाया होती, हे नाकारता येणार नाही. परंतु छप्पर कशाचे घालावे हे विचारण्यासाठी पाटलाच्या दारी जाण्याचे कारण उरले नाही, हा बदल लहान नव्हता.

विहारातील अग्निशाळा

सोवळ्याच्या चुलीहून निराळी अशी चुलीची कल्पना या देशात नव्हतीच काय? होती, आणि ती विनयपिटकात नोंदविलेली आहे. भिक्षूंच्या निवासाविषयी तथागतांनी दिलेल्या अनुज्ञा वाचताना त्यांची व्यवहारी दृष्टी पाहून आश्चर्य वाटते. चुल्लवग्गात जंताघर, म्हणजे शेक घेण्याचे उष्ण स्नानगृह, याविषयी नियम आहेत. जंताघर लहान असेल तर अग्नीची जागा एका बाजूस करावी, मोठे असेल तर मध्यभागी करावी, असा निर्णय तेथे येतो. लहान जागेत मध्ये आग ठेवली तर वावरता येत नाही, एवढेच साधे कारण. धूर कोंडू लागला तेव्हा धूमनेत्त, म्हणजे धुराडे, करण्याची अनुज्ञा दिली गेली. पाणी साचू लागले तेव्हा ते वाहून जाण्याची मोरी करण्याची अनुज्ञा दिली गेली. निवासस्थानांसाठी तीन प्रकारच्या खिडक्या सांगितल्या आहेत. कोठेही अग्नीच्या देवतेचा उल्लेख नाही, शुभाशुभ दिशेचा नाही. अडचण काय, तिचे कारण काय आणि उपाय काय, हीच रीत.

महावग्गात अन्नाच्या साठवणीचा व शिजविण्याचा विचार आहे. विहाराच्या कडेची एखादी वास्तू 'कप्पियभूमी' म्हणून ठरवून तेथे अन्न ठेवण्याची सोय करण्यात आली. तेथे लोक भात शिजवू लागले, लाकडे फोडू लागले, कावळे जमले आणि पहाटे मोठा गलबला होऊ लागला. तो ऐकून तथागतांनी आनंदाला विचारणा केली आणि व्यवस्थेत फेरबदल केला. नियम केला, अनुभव घेतला, दोष दिसला आणि सुधारणा केली. स्वयंपाकाची जागा ठरविताना आवाज, धूर, स्वच्छता व ध्यानाची शांतता यांचा मेळ घालणारी ही दृष्टी आजच्या कोणत्याही स्थापत्यविशारदाला मान्य व्हावी.

हा विचार आपल्या परिसराला परका नव्हता. शिरूरकडे वाहत येऊन घोड नदीला मिळणारी कुकडी ही जुन्नरची नदी. त्या जुन्नरच्या लेण्यांत चिट नावाच्या एका यवनाने संघाला भोजनमंडप दान दिल्याचा ब्राह्मी शिलालेख आहे. परदेशी वंशाचा दाता आणि सर्वांनी मिळून भोजन करण्याची जागा, या दोन गोष्टी एकाच लेखात एकत्र आलेल्या आहेत. वाड्याच्या माजघरातील सोवळ्याशी या भोजनमंडपाची तुलना करावी, म्हणजे पुणे जिल्ह्याने दोन भिन्न संस्कृतींचे नकाशे पाहिले आहेत, हे ध्यानी येईल.

डबक चाळ आणि राजगृह

आधुनिक काळात घराच्या रचनेला नवा अर्थ बाबासाहेबांच्या जीवनाने दिला. मुंबईत परळच्या डबक चाळीतील एकाच खोलीत सुभेदार रामजींचे कुटुंब राहत असे. तीच खोली स्वयंपाकाची, तीच निजण्याची आणि तीच विद्यार्थी भीमरावांच्या अभ्यासाची. धूर, भांडीकुंडी, जाते आणि शेळी यांच्या सान्निध्यात त्यांनी अभ्यास केला. मुलाला लवकर निजवून रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत व मग त्याला अभ्यासासाठी उठवीत. जागेची जी उणीव होती, ती पित्याने स्वतःच्या झोपेने भरून काढली.

पुढे १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधले, तेव्हा त्या वास्तूच्या केंद्रस्थानी ग्रंथालय होते. नाव मगधाच्या त्या नगरीचे, जेथे बिंबिसाराने तथागतांना वेळुवन अर्पण केले. वाड्याच्या सर्वांत आतल्या दालनात सोवळे होते. राजगृहाच्या गाभ्यात ग्रंथ आले. आमच्या मते भारतीय घररचनेच्या इतिहासातील हा एक क्रांतिकारक बदल आहे आणि त्याची नोंद स्थापत्याच्या पुस्तकांनी अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

आजचे घरकुल

आता वर्तमानाकडे वळू. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, ठरविण्यात आले आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्य शासनाची रमाई आवास योजना आहे. इनामगावच्या पूर्व-जोर्वे घराशी तुलना केली तर तीन सहस्र वर्षांनंतर गरिबाच्या वाट्याला दहा चौरस मीटर अधिक आले, असा हिशेब निघतो. जागा लहान आहे, म्हणूनच तिची आखणी विचारपूर्वक झाली पाहिजे.

परंतु नकाशाचा कागद येतो, त्यासोबत अलीकडे वास्तुशास्त्राचा सल्लाही येतो. चूल आग्नेयेस, कारण तेथे अग्नीचा वास. दक्षिणेकडे दार नको, कारण ती यमाची दिशा. ज्या दिशेला अशुभ ठरवून आपल्या पूर्वजांची वस्ती तेथे लोटली, त्याच दिशेचे भय बौद्ध कुटुंबाने पैसे मोजून आपल्या घरात आणावे, यासारखा विपर्यास दुसरा नाही. कालामांना तथागतांनी जी कसोटी दिली, ती येथे लावून पाहावी. परंपरेने सांगितले म्हणून मानू नये. हितकारक आहे काय ते स्वतः तपासावे.

तपासले तर काय दिसते? शिरूर-दौंडचा प्रदेश अवर्षणप्रवण व उन्हाळ्यात तापणारा. दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. म्हणून निजण्याची खोली तिला लागून नसावी आणि तेथे मोठी खिडकी ठेवू नये. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊब मिळते आणि उन्हाळ्याच्या भर दुपारी सूर्य माथ्यावर असल्याने वर लहानसा छज्जा असला तरी ऊन आत शिरत नाही. म्हणजे जी दिशा अशुभ सांगितली, ती आपल्या हवामानात उपकारक ठरते. पावसाळी वारा पश्चिम व नैऋत्येकडून येतो. म्हणून चूल घराच्या पूर्व अंगास असली तर धूर घरात न पसरता बाहेर जातो. एखाद्या घरात आग्नेयेची चूल सोयीची ठरली, तर तिचे श्रेय वाऱ्याला द्यावे, अग्निदेवाला नव्हे.

चुलीच्या धुराचा प्रश्न गौण समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. स्वयंपाकासमोर बसणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याजवळची बालके यांना त्याची झळ अधिक बसते. गॅसची शेगडी आली तरी अनेक घरांत पाणी तापविण्यासाठी व भाकरीसाठी चूल पेटतेच. म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून ओटा, ओट्यासमोर खिडकी, वर धुराडे, मोरीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसातील झाडांना, एवढी योजना २५ चौरस मीटरांतही सहज बसते. ओट्याची उंची गवंड्याने ठरवू नये. जी व्यक्ती तेथे उभी राहणार, तिच्या कोपरापेक्षा थोडी खाली ती असावी. नकाशा पक्का करण्यापूर्वी घरातील स्त्रीचे मत विचारले पाहिजे, आणि ओट्यापाशी दोन माणसे उभी राहतील इतकी जागा ठेवली पाहिजे. म्हणजे पुरुषालाही हात न लावण्यास सबब उरणार नाही.

पाण्याचा माठ अशा ठिकाणी असावा की आलेल्या कोणालाही स्वतःच्या हाताने पाणी घेता येईल. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जो हक्क बजावला गेला, त्याचे स्मरण घरात याहून सोप्या रीतीने ठेवता येणार नाही. आणि चुलीपासून दूर, उजेडाच्या खिडकीशी, मुलांच्या अभ्यासाची एक जागा आखून ठेवावी. जागा नसेल तर भिंतीत फडताळ आणि त्याखाली दुमडणारी फळी तरी असावी. डबक चाळीची उणीव आपल्या मुलांनी पुन्हा भोगू नये.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलणे आवश्यक होते. पण पाटीमागच्या घरांचा नकाशा शासन बदलून देणार नाही. तो आपल्यालाच आखावा लागेल. इनामगावच्या माणसांनी पाऊस पाहून घर बांधले, विहारातील भिक्षूंनी धूर पाहून धुराडे केले. ज्यांच्या पूर्वजांना कौल घालण्याचाही अधिकार नव्हता, त्यांच्या हाती आज नकाशाचा कागद व पेन्सिल आहे. पहिली रेघ ओढण्यापूर्वी होकायंत्राबरोबर आपला विवेकही टेबलावर ठेवावा, एवढेच आमचे सर्व उपासक-उपासिकांना सांगणे आहे.